तंजावरच्या पुढे, समुद्राकाठी: तरंगंबाडी

तंजावरला जाणारा मराठी प्रवासी सहसा बृहदीश्वराच्या मंदिरात शिरतो, भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा तिथल्या भिंतीवरचा विस्तीर्ण मराठी शिलालेख पाहून हरखतो, सरस्वती महाल ग्रंथालयात थोडा वेळ घालवतो आणि मग कुंभकोणमकडे किंवा थेट रामेश्वरकडे वळतो. पूर्वेकडे सुमारे शंभर किलोमीटरवर, कावेरीचे पाणी जिथे बंगालच्या उपसागराला मिळते त्या किनाऱ्यावर, तरंगंबाडी नावाचे एक लहानसे गाव आहे आणि तंजावरच्या मराठ्यांचा इतिहास त्या गावाला वगळून पुरता समजत नाही, हे सांगणारे मला आजवर फार थोडे भेटले. युरोपीय नकाशांवर या गावाचे नाव ट्रांकेबार असे आहे. १६२० पासून १८४५ पर्यंत, मधला काही काळ वगळता, ते डेन्मार्कच्या ताब्यात होते. हिंदुस्थानात पोर्तुगीज, डच, इंग्रज आणि फ्रेंच आले हे आपण शाळेत घोकतो. त्या यादीतले डॅनिश मात्र बहुधा एका ओळीत आटोपतात.

माझ्यासोबत माझी मोठी बहीण होती. ताई मोडी लिपी शिकलेली आहे आणि तंजावरच्या दप्तरांविषयी तिला मनापासून आस्था आहे. तरंगंबाडीचा आग्रह तिचाच होता. मयिलाडुदुरै या रेल्वे जंक्शनवर उतरून पुढे बसने किंवा गाडीने जावे लागते. वाट भाताच्या खाचरांमधून, कालव्यांच्या काठाने जाते आणि पोरैयार मागे पडले की थोड्याच अंतरावर एक पांढरीशुभ्र कमान समोर येते. हा गावाचा जमिनीकडचा दरवाजा, १७९२ मध्ये बांधलेला. एके काळी गावाभोवती तट होता. आज तो जवळजवळ नाहीसा झाला असला तरी दरवाजा शाबूत आहे आणि त्याखालून आजही दुचाक्या, शाळेची मुले आणि मासळीच्या टोपल्या ये-जा करतात. आत शिरले की सरळ समुद्राकडे जाणारा रस्ता लागतो, त्याला आजही किंग स्ट्रीट म्हणतात. दोन्ही बाजूंना जाड भिंतींची, उंच खांबांच्या ओसऱ्यांची घरे आहेत. काहींत शाळा भरते, काही नव्याने रंगवलेली आहेत, काहींच्या भिंतींतून पिंपळ उगवला आहे. रस्ता इतका शांत आहे की टोकाला पोहोचण्याच्या बरेच आधी लाटांचा आवाज ऐकू येऊ लागतो.

डॅनिशांचे इथे येणे हा खरे तर फसलेल्या मोहिमेचा परिणाम होता. राजा चौथा ख्रिश्चन याच्या आश्रयाने १६१६ मध्ये डॅनिश ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली आणि दोन वर्षांनी ओव्हे गेद्दे या जेमतेम तेवीस वर्षांच्या सरदाराच्या हाताखाली जहाजे निघाली. लक्ष्य होते सिंहलद्वीप. तिथे कँडीच्या राजाशी करार करून व्यापाराचा पाया घालायचा बेत होता, पण तो जमला नाही. दरम्यान पुढे पाठवलेल्या रोलांद क्रापे याचे जहाज कोरोमंडल किनाऱ्यावर पोर्तुगीजांशी झालेल्या चकमकीत बुडाले आणि तो जीव वाचवून तंजावरच्या दरबारात पोहोचला. तंजावरला तेव्हा रघुनाथ नायक राज्य करत होता. विद्वान, संगीताचा जाणकार आणि पोर्तुगीजांना शह देणारा कुणी नवा व्यापारी मिळत असेल तर त्याला जागा द्यायला तयार असलेला राजा. नोव्हेंबर १६२० मध्ये करार झाला, डॅनिशांना हे मासेमारीचे गाव आणि किल्ला बांधण्याची परवानगी मिळाली आणि त्याबदल्यात वर्षाची खंडणी ठरली. रघुनाथ नायकाने डेन्मार्कच्या राजाला सोन्याच्या पत्र्यावर कोरलेले तमिळ पत्र पाठवले. ते आजही कोपनहेगनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जपून ठेवलेले आहे.

त्या करारातून उभा राहिलेला डान्सबोर्ग किल्ला समुद्राला अगदी लागून आहे. महाराष्ट्रातले गड पाहत वाढलेल्या डोळ्यांना तो प्रथम किल्ला वाटतच नाही. ना उंची, ना बुरुजांची रांग, ना चढण. फिकट पिवळसर रंगाची, कमानींनी तोललेली दुमजली इमारत आणि भोवती आवार, एवढाच त्याचा पसारा. तळमजल्यावर कोठारे, शिपायांच्या खोल्या आणि तुरुंग होता. वरच्या मजल्यावर गव्हर्नर, व्यापारी आणि धर्मोपदेशक राहत. पण हा किल्ला लढाईसाठी नव्हे तर मिरी आणि कापडाचे गठ्ठे सांभाळण्यासाठी बांधला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याची रचना पटते. वरच्या मजल्यावरून समुद्र पाहिला तर कोणत्या दिशेला वाट पाहत ही माणसे बसत असतील याची नीट कल्पना येते. आज तिथे तमिळनाडूच्या पुरातत्त्व विभागाचे संग्रहालय आहे. दालने लहान आहेत, माहितीफलक त्रोटक आहेत, तरी डॅनिशांनी याच गावात पाडलेली नाणी पाहायला तिथे थांबावेच.

वाट पाहणे हा या किल्ल्याच्या इतिहासातला सर्वांत विलक्षण भाग आहे. युरोपातल्या युद्धांनी डेन्मार्क खचले, कंपनी बुडाली आणि सतराव्या शतकाच्या मध्यास इथे जहाजे येणे थांबले. वर्षामागून वर्षे गेली. किल्ल्यातली डॅनिश माणसे एक तर आजाराने मेली, नाहीतर पळून गेली आणि अखेरीस एस्किल आंदरसन कोंग्सबाके नावाचा एक साधा शिपाई तेवढा उरला. त्याने किल्ला सोडला नाही. स्थानिक माणसे हाताशी धरून त्याने तो चालवला, समुद्रात जहाजे पकडून खर्च भागवला, तंजावरच्या नायकांच्या फौजेला तोंड दिले आणि गावाभोवती तट बांधायला सुरुवात केली. १६६९ मध्ये कोपनहेगनहून पुन्हा एक जहाज आले तेव्हा डेन्मार्कचा झेंडा किल्ल्यावर फडकत होता. सुमारे तीस वर्षे मायदेशाने विसरलेली ही वसाहत एका माणसाच्या चिकाटीवर टिकली आणि त्याच माणसाला मग गव्हर्नर म्हणून मान्यता मिळाली. या गोष्टीतल्या चाचेगिरीकडे डोळेझाक करता येत नाही, तरीही त्या माणसाची चिवट निष्ठा मला थक्क करते.

कोंग्सबाकेला मान्यता मिळाल्यानंतर थोड्याच वर्षांत तंजावर बदलले. शहाजीराजांचे पुत्र आणि शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी, म्हणजेच एकोजी, यांनी १६७० च्या दशकात नायकांच्या जागी मराठ्यांची गादी स्थापन केली आणि तरंगंबाडीचे डॅनिश आता भोसल्यांचे खंडणीदार झाले. हे नाते सव्वाशे वर्षांहून अधिक टिकले. ते नेहमी गोडीचे नव्हते. सतराव्या शतकाच्या शेवटी, दुसऱ्या शहाजीराजांच्या कारकिर्दीत, तंजावरच्या फौजेने तरंगंबाडीला वेढा घातला होता आणि मद्रासहून आलेल्या इंग्रजी कुमकेमुळे गाव वाचले. पण वेढ्यांच्या मधल्या काळात नजराणे, पत्रे, तक्रारी, वकील, येण्याजाण्याचे परवाने असा रोजचा व्यवहार चालू होता आणि तो मराठीतून, मोडी लिपीत चालत असे. तंजावर दरबाराशी संबंधित असे मोडी कागद आज कोपनहेगनच्या संग्रहांत आहेत, त्यांचा तिकडच्या अभ्यासकांनी अभ्यासही केला आहे. किल्ल्याच्या गच्चीत उभी राहून ताई मला हे सांगत होती तेव्हा तिच्या आवाजातला आनंद मी ऐकत होते. आपल्या भाषेतला कारभार पुणे, सातारा, बडोदे, ग्वाल्हेर इथपर्यंत पोहोचला हे आपल्याला माहीत असते. एका डॅनिश गव्हर्नराच्या कचेरीतही मोडी वाचणारा माणूस लागत होता, ही गोष्ट मात्र समजून घ्यायला त्या जागी जावे लागले.

तरीही, किल्ल्यापेक्षा या गावाचे खरे मोल मला किंग स्ट्रीटवरच्या चर्चच्या आवारात जाणवले. ९ जुलै १७०६ रोजी बार्थोलोमेउस झीगेनबाल्ग आणि हाइनरिख प्लुटशाऊ हे दोन जर्मन धर्मोपदेशक डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक याच्या इच्छेने इथे उतरले. भारतातले ते पहिले प्रोटेस्टंट मिशनरी. गावातल्या डॅनिश व्यापाऱ्यांना त्यांचे येणे आवडले नाही. त्यांना मिरी हवी होती, धर्मप्रचाराची कटकट नको होती. झीगेनबाल्ग तेव्हा चोवीस वर्षांचा होता. तमिळ शिकण्यासाठी तो गावातल्या शाळेतल्या मुलांबरोबर जमिनीवर बसला, वाळूत बोटाने अक्षरे गिरवली आणि काही वर्षांत ताडपत्रांवरचे तमिळ ग्रंथ जमवू व वाचू लागला. एका विधवेच्या प्रकरणात त्याने घेतलेल्या भूमिकेवरून गव्हर्नराने त्याला डान्सबोर्गच्याच तुरुंगात सुमारे चार महिने डांबले होते. तळमजल्यावरच्या त्या अंधाऱ्या खोल्या पाहताना हे माहीत असलेले बरे.

झीगेनबाल्गने इथे छापखाना आणला. लंडनच्या एका धर्मसंस्थेने पाठवलेले मुद्रणयंत्र वाटेत जहाजासह फ्रेंचांच्या हाती सापडले, पण ते सुटले आणि १७१२ मध्ये तरंगंबाडीला पोहोचले. तमिळ खिळे, म्हणजे छपाईचे धातूचे अक्षरठसे, जर्मनीतल्या हाले शहरातून ओतून आले होते. ते आकाराने इतके मोठे होते की पुस्तके अवाढव्य झाली असती आणि कागद पुरला नसता. तेव्हा इथेच लहान खिळे ओतायचे ठरले. शिसे कमी पडले म्हणून इंग्लंडहून आलेल्या चीजच्या डब्यांचे शिसे वितळवले, असे मुद्रणाच्या इतिहासात नमूद आहे. पुढे कागदासाठी पोरैयारजवळ गिरणीही काढली. १७१५ मध्ये या छापखान्यातून बायबलचा तमिळ नवा करार बाहेर पडला; कोणत्याही भारतीय भाषेत छापलेला तो पहिला. तमिळ मुद्रण त्याआधीही झाले होते, पोर्तुगीज पाद्र्यांनी १५७८ मध्येच तमिळ पुस्तक छापले होते, पण मधल्या काळात ती परंपरा जवळजवळ खंडित झाली होती. झीगेनबाल्गने मुलींसाठी शाळा काढली आणि तमिळ देवदेवतांविषयी सविस्तर ग्रंथ लिहिला. तो हालेच्या त्याच्या वरिष्ठांना रुचला नाही आणि दीडशे वर्षांनी, १८६७ मध्ये, प्रसिद्ध झाला. १७१९ मध्ये, वयाच्या अवघ्या छत्तिसाव्या वर्षी तो वारला. ज्या न्यू जेरुसलेम चर्चची उभारणी त्याने आदल्याच वर्षी पूर्ण केली होती, तिथेच त्याचे दफन झाले. चर्चच्या दर्शनी भिंतीवर चौथ्या फ्रेडरिक राजाची मुकुटांकित नाममुद्रा आणि १७१८ हे वर्ष आजही स्वच्छ वाचता येते. आतल्या बाकांवर दुपारच्या वेळी कुणी नव्हते. दार उघडून देणाऱ्या वृद्ध सेवकांनी आम्हाला थडग्याजवळ नेले आणि आम्ही विचारण्याआधीच तमिळमध्ये बरेच काही सांगितले, ज्यातली नावे आणि सने तेवढी आम्हाला कळली.

धर्मांतराच्या या साऱ्या उद्योगाविषयी माझ्या मनात संमिश्र भाव आहेत आणि ते मी लपवत नाही. दुसऱ्यांचा धर्म खोटा आहे या ठाम समजुतीने ही माणसे आली होती. परंतु भाषा शिकण्याची त्यांची तळमळ आणि छापलेला शब्द सामान्य माणसाच्या हाती देण्याची घाई यांतून जे घडले, त्याचे ऋण आपल्यावरही आहे. याच मिशनमधून ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ आला. तो १७५० मध्ये तरंगंबाडीला उतरला, पुढे तिरुचिरापल्ली आणि तंजावरला गेला, तमिळ, फारसी, मराठी अशा अनेक भाषा शिकला आणि तंजावरचे राजे तुळजाजी यांचा विश्वास त्याने मिळवला. १७८७ मध्ये तुळजाजींनी मृत्यूपूर्वी दत्तक घेतलेल्या दहा वर्षांच्या सरफोजींना श्वार्ट्झच्या देखरेखीखाली सोपवले. गादीचा वाद पेटला तेव्हा श्वार्ट्झ या मुलामागे उभा राहिला, त्याला शिकवले, मद्रासला नेऊन सुरक्षित ठेवले. दरबारी कवी वेदनायगम शास्त्री हे सरफोजींचे त्या काळातले सहाध्यायी. शास्त्रींचे पुढचे शिक्षण तरंगंबाडीत झाले.

१७९८ मध्ये सरफोजी गादीवर बसले, त्याच वर्षी श्वार्ट्झ वारला. इंग्रजांनी राज्याचे सर्व अधिकार काढून घेतले आणि राजांच्या हाती तंजावरचा किल्ला व पेन्शन एवढेच राहिले. अशा स्थितीत दुसरा कुणी ऐषआरामात बुडाला असता. सरफोजींनी ग्रंथ जमवले, वैद्यक आणि नेत्रचिकित्सेचे प्रयोग नोंदवून ठेवले, मुलांसाठी शाळा काढल्या आणि १८०५ च्या सुमारास देवनागरी मुद्रणाचा छापखाना उभारला. इसापच्या नीतिकथांचे ‘बालबोध मुक्तावली’ हे मराठी रूपांतर तिथलेच. श्वार्ट्झच्या हाताखाली घडलेल्या मुलाने राजा झाल्यावर छापखाना काढावा, हा मला योगायोग वाटत नाही. तरंगंबाडीचे खिळे तमिळ होते आणि तंजावरचे देवनागरी. एकातून दुसरा थेट निघाला असा माझा दावा नाही. पण छापील पुस्तक ही राज्यकर्त्याने करायची गोष्ट आहे, ही जाण त्या मुलाला त्याच्या शिक्षकांकडून मिळाली असावी असे मी मानते. याच सुमारास बंगालमध्ये श्रीरामपूर येथे इंग्रज मिशनरी विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण छापले जात होते. तेही १८०५ मध्येच. श्रीरामपूर तेव्हा कुणाच्या ताब्यात होते? डॅनिशांच्या. म्हणजे मराठीच्या सुरुवातीच्या मुद्रणाचे दोन धागे मुंबई-पुण्याबाहेर, एक डॅनिश वसाहतीत आणि दुसरा डॅनिश मिशनच्या शिष्याकडे सापडतात. आपल्या मुद्रणाच्या इतिहासात या गोष्टी तुटक नोंदी म्हणून येतात. त्या एकत्र ठेवून पाहिल्या पाहिजेत.

नेपोलियनच्या युद्धांत डेन्मार्क इंग्रजांच्या विरुद्ध बाजूला गेले तेव्हा इंग्रजांनी हे गाव ताब्यात घेतले, मग परत केले. त्यानंतर व्यापार सावरला नाही. १८४५ मध्ये तरंगंबाडी आणि श्रीरामपूर ही दोन्ही ठिकाणे साडेबारा लाख रुपयांना ईस्ट इंडिया कंपनीला विकली गेली. रेल्वे आणि बंदराचा ओघ नागपट्टिनमकडे गेला आणि तरंगंबाडी मागे राहिली. तिचे आजचे रूप टिकण्याचे तेही एक कारण असावे.

सूर्य कलल्यावर आम्ही किल्ल्याच्या उत्तरेला, मासिलामणी नाथर मंदिराकडे गेलो. हे शिवमंदिर पांड्य राजा मारवर्मन कुलशेखर याच्या काळातले, चौदाव्या शतकाच्या आरंभीचे. म्हणजे डॅनिश येण्याआधी तीनशे वर्षे इथे देवालय होते. समुद्राने त्याचा पुढचा मोठा भाग गिळला. आज दुरुस्त केलेले, रंगवलेले मंदिर आणि त्याच्यापुढे लाटा अडवण्यासाठी टाकलेले काळे दगड दिसतात, पण जुनी छायाचित्रे पाहिली म्हणजे किनारा किती आत सरकला आहे ते कळते. झीगेनबाल्गचे पहिले चर्चही समुद्रानेच नेले होते. या गावाचा सर्वांत जुना शत्रू कुठलीही फौज नव्हती, समुद्र होता.

२६ डिसेंबर २००४ च्या सकाळी त्सुनामीने हे पुन्हा सिद्ध केले. तेव्हाच्या नागपट्टिनम जिल्ह्यात सहा हजारांहून अधिक माणसे गेली. तरंगंबाडीच्या कोळीवाड्यात शेकडो. किल्ला उभा राहिला, किनाऱ्यावरची घरे राहिली नाहीत. त्यानंतर मच्छीमार कुटुंबांसाठी समुद्रापासून दूर नवी घरे बांधली गेली आणि जुन्या गावातली काही तमिळ घरे, विशेषतः गोल्डस्मिथ स्ट्रीटवरची, इंटॅक या संस्थेने पारंपरिक पद्धतीने, चुना आणि कौले वापरून, दुरुस्त केली. मला ही घरे डॅनिश बंगल्यांइतकीच महत्त्वाची वाटली. वारसा म्हटले की आपण गोऱ्यांच्या इमारती मोजतो. तिण्णै, म्हणजे रस्त्याकडेची बसायची ओटी, आणि मधला उघडा चौक असलेली ही घरे ज्या तमिळ कारागिरांनी आणि व्यापाऱ्यांनी बांधली, त्यांच्याशिवाय ही वसाहत एक वर्षही चालली नसती. कंपनीचे कापड विणणारे, तराफे लोटून जहाजांपर्यंत माल नेणारे, दुभाषी, लेखनिक यांची नावे कुठल्याही फलकावर नाहीत. संग्रहालयात त्यांच्यासाठी एखादे दालन असायला हवे, असे मला मनापासून वाटते.

जायचे असेल तर ऑक्टोबर ते डिसेंबर हा ईशान्य मोसमी पावसाचा काळ टाळावा; जानेवारी-फेब्रुवारीत हवा सुसह्य असते. उन्हाळ्यात दुपारी किनाऱ्यावर उभे राहवत नाही. गाव पायीच पाहावे, गाडीतून त्यातले काहीच दिसत नाही. १७०१ चे झायन चर्च न्यू जेरुसलेमच्या समोरच आहे, ते चुकवू नये. मुक्काम करता आला तर किनाऱ्यावर आणखी पुढेही जावे: थोड्या अंतरावर दक्षिणेला कारैकाल आहे, जे तंजावरच्या मराठा गादीच्या वादातून १७३९ मध्ये फ्रेंचांच्या पदरात पडले, आणि त्यापुढे नागपट्टिनम, जे पोर्तुगीजांकडून डचांकडे आणि डचांकडून इंग्रजांकडे गेले. एवढ्याशा किनाऱ्यावर पाच युरोपीय सत्ता आणि त्यांतल्या बहुतेकांशी तहनामे करणारे एक मराठी राज्य; हा नकाशा समोर ठेवूनच इथे फिरावे.